सात दिवसांचा भंते

चीवर अंगावर असलं की शिवी देता येत न्हाई, हे मला पहिल्याच दिवशी सकाळी दहा वाजता कळलं. आष्टीहून निघून आम्ही परतूरच्या रस्त्याला लागल्तो. एकामागं एक चौदा जण, सगळ्यांचे डोक्याचे गोटे ताजे केलेले. एक वाळूचा हायवा ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला आणि आम्हाला धुळीनं पार माखून टाकलं. माझ्या तोंडातून पहिलं अक्षर निघालंबी. मागून खोकला आला. माझ्या मागं एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हर काका चालत होते. ते हळूच म्हणले, "भंते, गिळा." मी गिळली. त्या दिवसांत मी एवढ्या शिव्या गिळल्या की दुसरं काही खायची गरजच पडू नये. पण भूक लागायचीच.

ज्याला म्हाईत न्हाई त्याच्यासाठी सांगतो. आमच्या बौद्ध समाजात श्रामणेर शिबिर असतं. चांगला संसारी माणूस दहा दिवसांसाठी डोकं भादरतो, चीवर घालतो आणि भिक्खूसारखा राहतो. बाराच्या आत एकदा जेवायचं, तेबी लोक पात्रात टाकतील ते. नंतर पाणी, फार तर काळा चहा. पैशाला हात लावायचा न्हाई, मऊ गादीवर झोपायचं न्हाई, बाईमाणसाला शिवायचं न्हाई. बरेच शिबिरं एका जागी बसून होतात. आमचं चालत होतं. आष्टीपासून जाफराबादपर्यंत, म्हणजे जालना जिल्ह्याच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत पायी. खांद्याला झोळी, तिच्यात पांघरूण, दुसरं चीवर, पात्र, पाण्याची बाटली. अंगावरचे कपडे आणि मोबाईल पहिल्याच दिवशी पोत्यात घालून पोत्याचं तोंड शिवलं आणि ते टेम्पोनं पुढं जाफराबादला धाडून दिलं. ते पोतं शिवताना पाहून मनात आलं, आता पळून जायचं म्हणलं तरी कशात जाणार?

तुम्ही म्हणाल, हा माणूस मोठा धार्मिक दिसतो. बिलकुल न्हाई. माझं आष्टीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची नवी तार भरून देतो. हात चांगला आहे, तोंड खराब आहे, हे सगळ्या बाजाराला म्हाईत. शिबिरात मी गेलो ते एका चालबाजीनं. ती चालबाजी मी कुणालाच सांगितली न्हाई, मायलाबी न्हाई. माय बिचारी खुशीत होती. दीक्षेच्या दिवशी ती माझ्यासमोर वाकली, "वंदामि भंते" म्हणली आणि डोळे पुसत बाजूला झाली. सख्खी माय पाया पडते आणि आपल्याला तिचे हात धरता येत न्हाईत. लई विचित्र वाटलं.

तर चालबाजी काय होती? त्याच्या चार महिने आधी माझी बायको लेकरू घेऊन माहेरी निघून गेल्ती.

झालं असं की मी तांब्याची तार आणायला जालन्याला गेल्तो आणि ती दुकानात बसली होती. तिनं एका गिऱ्हाइकाला त्याची भरलेली मोटार दिली. दुसऱ्या दिवशी तो माणूस मोटार परत घेऊन आला, पुन्हा जळालेली. मी धरून चाललो, हिनंच न तपासता दिली. दुकानात पाच-सहा जण बसलेले. मी त्यांच्यासमोर तिला जे बोललो ते इथं सगळं लिहीत न्हाई. शेवटचं तेवढं लिहितो. म्हणलो, "अक्कल न्हाई तर बापाच्या घरी जाऊन बस, इथं कुणी तुला धरून ठेवलं न्हाई." ती उठली. आत गेली, पिशवी भरली, पाच वर्षांच्या पोरीचा हात धरला आणि समोरून जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसली. मी पान्हा हातात घेऊन तसाच उभा. मला वाटलं संध्याकाळी येईल.

दोन दिवसांनी मी ती मोटार खोलून पाहिली. तिची काही चूक नव्हती, माझीबी नव्हती. गिऱ्हाइकानं लाइटीच्या तीनपैकी एक फेज गेलेली असताना मोटार तशीच चालवली होती. हे मला कळलं आणि मी ते कुणाला सांगितलं न्हाई. खरं सांगतो, याचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटते. रागात माणूस बोलून जातो. पण कळल्यावर गप बसलो, ते काही रागात न्हाई.

सासरे दोनदा आले. हसनाबादच्या अलीकडं त्यांचं गाव, तिथून आष्टी म्हणजे दोन गाड्या बदलून अख्खा दिवस जातो. पहिल्यांदा मी मोटारीत डोकं घालून बसलो, वर पाहिलं न्हाई. दुसऱ्यांदा ते दोन तास दुकानाच्या पायरीवर बसले. उठताना म्हणले, "जावईबापू, तिचं एवढंच म्हणणं हाये. तुम्ही यायचं आणि स्वतःच्या तोंडानं 'घरी चल' म्हणायचं. दुसरं काही मागत न्हाई ती." मी म्हणलो, "गेली आपल्या पायानं, येईल आपल्या पायानं." आमच्याकडं याला ताठा म्हणतात. मी त्याला इज्जत म्हणत होतो.

मंग विहारात शिबिराचा कागद लागला. मी गावांची यादी वाचत गेलो आणि सातव्या दिवशीचं गाव पाहून थांबलो. सासऱ्यांचं गाव. डोक्यात बल्ब पेटला. चीवरात गेलो तर अख्खं सासर माझ्या पाया पडणार. सासरे वाकणार, मेहुणा वाकणार. बायको पाहणार की बुवा हा माणूस सुधरला, टक्कल केलं, शिवी सोडली. ती आपोआप येईल. मला 'चल' म्हणायची वेळच येणार न्हाई. माझं नाकबी शाबूत आणि बायकोबी घरात. कुणी माणूस धर्मासाठी चीवर घालतो, कुणी पुण्यासाठी घालतो. मी बायकोपुढं वाकायला लागू नये म्हणून घातलं.

आता भोगा.

पहाटे चारला उठवायचे. थंडी अशी की दात वाजायचे, आणि डोक्यावर केस नसले की थंडी कुठून आत शिरते ते तेव्हाच कळतं. वंदना, ध्यान, मंग चालायचं. मोठे भंते, म्हणजे शिबिर चालवणारे कायमचे भिक्खू, पुढं, त्यांच्या मागं आम्ही रांगेत. नजर खाली, पुढच्याच्या टाचांवर. सात दिवस मी काय पाहिलं असंल तर त्या टाचा. जालना जिल्हा कसा दिसतो विचाराल तर सांगतो, भेगा पडलेल्या टाचांसारखा. आजूबाजूला कापूस वेचणं चाललेलं, तुरी उभ्या, बाया काम थांबवून हात जोडायच्या. मान वर करायची परवानगी नव्हती. दुसऱ्याच दिवशी तळपायाला फोड आले. ड्रायव्हर काकांनी सुईदोरा ओवून फोडातून पार केला आणि दोरा आतच ठेवला, म्हणजे पाणी झिरपत राहतं. "तीस वर्षं गाडीत बसून पगार खाल्ला," म्हणायचे, "आता पाय वसुली करून राह्यले."

सगळ्यात मोठा छळ मोटारसायकलवाल्यांचा. आमच्याकडं कुणी पायी चाललेलं लोकांना पाहवत न्हाई. दर दहा मिनिटांनी एक जण थांबायचा. "बसा भंते, पुढच्या फाट्यापर्यंत सोडतो." मोठे भंते हसून न्हाई म्हणायचे. माझा पाय आपोआप उचलायचा आणि पुन्हा खाली यायचा. जालन्याच्या अलीकडं एका माणसानं रिकामी जीप थांबवली. रिकामी! त्यानं हात जोडले, मी डोळे मिटून घेतले. मला रडूच आलं असतं.

दुपारी बारानंतर पोटात काही न्हाई. चारच्या सुमाराला कुठल्यातरी हॉटेलात भजे तळून राह्यले असायचे. वास रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहायचा. खिसा न्हाई, पैसा न्हाई, फोन न्हाई. पुढं टाचा, मागं काकांचा खोकला. ओरडायला कुणी न्हाई. घरी मी रोज कुणावर ना कुणावर ओरडायचो आणि डोकं मोकळं करून घ्यायचो. इथं सगळं आतल्या आत फिरून राह्यलं होतं. आणि लोक पाया पडायचे, हे त्याहून वाईट. ज्या माणसाची मोटार मी तीन हप्ते अडवून ठेवल्ती, तो परतुरात माझ्यापुढं लेकराबाळांसकट वाकला. त्यानं मला ओळखलं न्हाई. मी त्याला ओळखलं.

चौथ्या दिवसापासून माझी हवा जायला लागली. चालताना डोक्यात तोच एक विचार. सासऱ्यांचं गाव जवळ येऊन राह्यलं, आणि आपण तिथं जाऊन करणार काय? श्रामणेराला बायकोशी एकट्यानं बोलता येत न्हाई. भिक्षा घेताना तर कुणाशीच बोलता येत न्हाई. ती सहा शब्द मागून राह्यली होती... छे, सहाबी न्हाई, दोनच. आणि मी स्वतःच स्वतःच्या तोंडाला कुलूप लावून तिच्या दारात चाललो होतो. हे मला घरी यादी वाचताना सुचू नये? मी काकांना सगळं सांगून टाकलं, पहिल्यांदाच. ते मागूनच म्हणले, "गाडी सुरू करायच्या आधी रूट पाहायचा असतो, भंते."

सातव्या दिवशी दहाच्या सुमाराला आम्ही त्या गावात शिरलो. गावानं रस्ता झाडून पाणी मारलेलं. दोन्ही बाजूंनी लोक उभे, पांढरे कपडे घातलेले. आम्ही पात्रं छातीशी धरून रांगेत. पहिले सासरेच पुढं आले. समाजातले जाणते, मान त्यांचा. ते एकेकाला वाकत वाकत माझ्यापर्यंत आले. मला पाहिलं. एक क्षण थांबले. मी येणार हे त्यांना म्हाईत नव्हतं. मंग गुडघे टेकले, हात टेकले आणि कपाळ माझ्या पायापुढं जमिनीला लावलं. "वंदामि भंते." म्हातारा माणूस, उठायला जमिनीचा आधार घ्यावा लागला. आशीर्वादाचं "सुखी होतु" म्हणायचं असतं, ते माझ्या तोंडातून निघालं न्हाई. जे पाहायला मी सहा दिवस फोड घेऊन चाललो होतो ते माझ्यासमोर झालं, आणि मला वाटलं जमीन फाटून आत घेईल तर बरं.

पुढं बाया वाढायला उभ्या. वरण-भात, मेथीची भाजी, भाकरी. मी नजर खालीच ठेवली. भाजीच्या भगुण्यावरचा हात मी ओळखला. तिनं माझ्या आधीच्या भंतेला एक पळी भाजी वाढली. मला एक पळी वाढली. माझ्या नंतर काकांना एक पळी वाढली. कमी न्हाई, जास्त न्हाई. मी मनातल्या मनात म्हणत होतो, जरा जास्त वाढ, न्हाईतर कमी तरी वाढ. काहीतरी कर.

तेवढ्यात कुठूनतरी आवाज आला, "पप्पा टकलू झाले!" सगळे हसले. पोरगी धावत आली आणि माझं चीवर मुठीत धरलं. माझे दोन्ही हात पात्राला. मला खाली बसून तिला घट्ट धरायचं होतं. बायकोनं तिला ओढून घेतलं. "सोड. पप्पा न्हाईत ते, भंते हायेत." पोरीनं माझ्याकडं पाहिलं, मंग आईकडं पाहिलं आणि मूठ सोडली. रांग पुढं सरकली, मीबी सरकलो. त्या दिवशीचं अन्न मी कसं गिळलं ते मलाच म्हाईत.

जेवणं झाल्यावर विहारात सगळं गाव बसलं. रोज एका श्रामणेरानं पाच मिनिटं बोलायचं अशी रीत. मोठ्या भंतेंना माझं काही म्हाईत नव्हतं, यादीप्रमाणं त्यांनी माझं नाव पुकारलं. विषय सम्यक वाचा, म्हणजे तोंडानं नीट बोलणं. काकांना खोकला आला. मी शिबिराच्या पुस्तिकेतलं पाठ केलेलं सुरू केलं. खोटं बोलू नये, कठोर बोलू नये, चहाडी करू नये. पुढचं आठवेना. बाया डावीकडं बसल्या होत्या, ती मागं भिंतीला टेकून. मी म्हणलो, "एक माणूस होता. त्यानं पाच जणांत आपल्या बायकोची अक्कल काढली. दोन दिवसांनी त्याला कळलं की तिची चूक नव्हती. तो चार महिने गप बसला. तो माणूस मी आहे."

मागं बसलेली माणसं माना उंच करून पाहायला लागली. मंग कुणीतरी म्हणलं, "साधु, साधु, साधु!" आणि सगळ्या गावानं तीनदा साधुकार दिला. लोकांना वाटलं काय पोचलेला भंते हाये, भर सभेत स्वतःची चूक सांगतो. एक म्हातारी डोळे पुसत होती. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणलं झालं, बोललो मी, काम झालं.

ती उठून उभी राह्यली. हात जोडले. "भंते, लई चांगलं बोलले. पण मी ज्या माणसाची वाट पाहून राह्यले, तो अजून आला न्हाई." एवढं म्हणून खाली बसली.

मला तिचा असा राग आला, असा राग आला! सगळ्या गावापुढं बोललो, अजून काय पाहिजे हिला? आणि राग वर चढता चढता मधेच थांबला, कारण ती खरं बोलून राह्यली होती. मी भंते होऊन बोललो होतो. भंतेला साधुकार मिळतो. भंतेला कुणी 'चल निघ' म्हणत न्हाई. मी वाकलोच नव्हतो.

मी मोठ्या भंतेंपुढं गेलो आणि म्हणलो, "भंते, मला चीवर सोडायचंय." विहारात कुजबुज झाली. तीन दिवस राह्यले होते फक्त. माझ्या डोळ्यासमोर माय आली. जाफराबादला समारोपाला ती येणार होती, भाऊबंदांना घेऊन, गाडी ठरवून. मोठे भंते म्हणले, "रागात बोलता का विचार करून?"

"पहिल्यांदाच विचार करून बोलून राह्यलो, भंते."

त्यांनी मला समोर बसवलं. मंग म्हणले, "चीवर कुणाला बांधून ठेवत न्हाई. पण उतरवल्यावर त्याच्याआड लपता येणार न्हाई." त्यांना कसं कळलं कोण जाणे. त्यांनी रीतीप्रमाणं मला मोकळं केलं, गृहस्थाचे पंचशील दिले. आणि मंग लक्षात आलं की माझे कपडे पोत्यात आणि पोतं जाफराबादला.

सासरे उठले. घरी जाऊन आपलाच एक सदरा आणि पायजमा घेऊन आले. ते माझ्यापेक्षा हातभर बुटके. पायजमा पोटऱ्यांपर्यंत, सदऱ्याची बटणं लागेनात. विहाराच्या मागच्या खोलीतून मी असा बाहेर आलो, डोक्याचा गोटा, पायाच्या फोडांत दोरे. पोरं फिदीफिदी हसायला लागली. ज्या बाया तासाभरापूर्वी माझ्या पाया पडल्या होत्या त्यांनी तोंडाला पदर लावले. कुणी वाकलं न्हाई, कुणी हात जोडले न्हाई. मागून एक जण म्हणला, "सात दिवसांचा भंते." ते नाव मला तिथंच चिकटलं. आजबी आष्टीच्या बाजारात लोक तेच म्हणतात, आणि मायनं ते ऐकून दोन महिने माझ्याशी अबोला धरला.

मी आधी सासऱ्यांच्या पाया पडलो. ते "असू द्या, असू द्या" म्हणत राह्यले. मंग तिच्यासमोर गेलो. दोन शब्द. चौथ्या दिवसापासून ते तोंडात घोळवत आल्तो, आणि ऐन वेळेला मी लोकांकडं पाहिलं. वाटलं, कुणीतरी साधुकार द्यावा म्हणजे सुटेन. कुणी दिला न्हाई. सगळे पाहत होते.

"चूक माझी होती," मी म्हणलो. "मोटार फेज गेल्यामुळं जळाली. मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. घरी चल."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं न्हाई.

"येते," म्हणली. "पण एक ऐकून ठेवा. पुन्हा तसं बोललात तर मी घर सोडून जाणार न्हाई. तुम्हाला पाठवीन."

कुणीतरी हसलं. सासरे हसले न्हाईत, मीबी हसलो न्हाई. तिनं बापाच्या घरात जाऊन पिशवी भरायला घेतली, आणि मी बाहेर उभा राहून वाट पाहत राह्यलो.